'व्हय' चालणार नाही

“ह्ये डाक्टर पेशंटला तपासायलेत, का त्याची परीक्षा घ्यायलेत?”

वॉर्डाच्या दारात उभ्या असलेल्या एका नातेवाइकानं शेजारच्याला हळूच विचारलं. शेजारचा म्हणाला, “परीक्षाच हाय. आमचा भाऊ काल नापास झाला. आज परत बसवलाय.” मी गळ्यात पुठ्ठा अडकवून दाराजवळच्याच कॉटपाशी उभी होते. हे ऐकलं आणि वाचत असलेली ओळ तिथंच हरवली. सरांनी मान वर केली नाही. “परीक्षा त्याची नाही, आमची आहे,” ते दाराच्या दिशेनं म्हणाले, आणि मग मला, “हं, पुढचं वाच.”

स्वतःच्या स्मरणशक्तीवर इतका ठाम अविश्वास असलेला दुसरा माणूस गोदावरीच्या अलीकडे-पलीकडे कुठं सापडणार नाही. इतर डॉक्टरांना सगळं लक्षात राहण्याचा अभिमान असतो. आमच्या सरांना आपण विसरतो याचा होता. ते तो लपवत नसत, उलट ओळख करून देतानाच सांगत. “मी विसरतो. तुम्हीही विसरता. फरक एवढाच की मला ते माहीत आहे.” शहराच्या कडेला, जिथं तेव्हा दर महिन्याला एक नवी वसाहत उगवत होती आणि एकाही वसाहतीत नळाला पाणी नव्हतं, तिथल्या एका धर्मादाय रुग्णालयात ते मेडिसिन युनिटचे प्रमुख होते. मी नुकतीच डॉक्टर होऊन त्यांच्या हाताखाली लागले होते. लागोपाठ दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडीचा तळ दिसायला लागला होता, आणि रुग्णालयाच्या फाटकाशी रुग्णवाहिकेपेक्षा टँकरला आधी वाट मिळे.

सकाळच्या राउंडला सरांचा एक नियम होता. प्रत्येक कॉटपाशी, प्रत्येक पेशंटसाठी, ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमानं मोठ्यानं विचारायचे आणि ज्याचं त्यानं मोठ्यानं उत्तर द्यायचं. काही पेशंटला, काही सिस्टरना, काही आम्हाला. ताप कधी आला, कोणतं औषध सोसत नाही, सलाईनची सुई कधीपासून आहे आणि अजून का आहे, घरी कधी जायचं आणि नेणार कोण. हे प्रश्न एका पुठ्ठ्यावर लिहिलेले होते. पुठ्ठा मूळचा शर्टाच्या खोक्यातला. त्याला प्लॅस्टिकचं वेष्टण आणि नाडी लावून तो युनिटमधल्या सर्वांत नवख्या डॉक्टरच्या गळ्यात घालायची पद्धत होती. अक्षर सरांचं. ते इतकं सुवाच्य होतं की बाहेरचे औषधवाले त्यांची चिठ्ठी दोनदा उलटसुलट करून बघत आणि विचारत, “ही नक्की डॉक्टरनं लिहिलीय?”

याला चेकलिस्ट म्हटलेलं त्यांना खपत नसे. “चेक म्हटलं की समोरचा आपोआप चोर होतो,” ते म्हणत. त्यांचा शब्द होता उजळणी. आता, मी शिकले इंग्रजी शाळेत. आमचे पाढेसुद्धा टू वन्झा टू. पहिल्या दिवशी वॉर्डात शिरताना सर मला म्हणाले, “चल, उजळणी सुरू कर,” तेव्हा मला वाटलं दिवे लावायला सांगताहेत. मी भिंतीकडे गेले आणि एकेक करून सगळी बटणं दाबली. भर सकाळी लख्ख उन्हात वॉर्डातल्या साऱ्या ट्यूबलाइट लागल्या. इनचार्ज सिस्टर तोंडाला रुमाल लावून औषधांच्या कपाटामागे गेल्या. सरांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “मूळ अर्थ तोच. राहू देत चालू.” त्या दिवशीचा संपूर्ण राउंड दिव्यांच्या उजेडात झाला.

माझा आवाज लहान आहे. शाळेत ‘स्पीक अप’ हे जवळजवळ माझं आडनाव होतं. शिवाय घरातली मराठी मला येत होती, पण वॉर्डातली मराठी निराळी निघाली. एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, “आपल्याला शौचास झाली का?” त्यांनी विचारात पडून मुलाकडे पाहिलं आणि आदरानं म्हणाले, “ह्या बाई कोण्या मुलखाच्या?” सिस्टरांनी पुढं होऊन “परसाकडं झालं का, बाबा?” असं विचारलं आणि मामला मिटवला. तेव्हापासून मी पुठ्ठ्यावर आहे तेवढंच बोलायचं ठरवून टाकलं. बाकी सगळ्याला ‘येस सर’. सरांना माझा आवाज ऐकू यावा म्हणून ते दर कॉटपाशी माझ्याजवळ कान आणत. “पेशंटला नाही तर निदान मला तरी कळू दे,” ते म्हणत. “मी परगावी नाही, इथंच उभा आहे.”

त्या पुठ्ठ्यावरची खरी गंमत प्रश्नांत नव्हती, प्रश्न विचारण्याच्या धाटणीत होती. त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘व्हय’ असं देता येत नसे. ही सरांनी आयुष्यभराच्या प्रॅक्टिसमधून काढलेली विद्या होती. ते सांगत की आपल्या भागातला माणूस डॉक्टरला नाही म्हणत नाही. ते त्याला बेअदबी वाटते. एकदा एका पेशंटला त्यांनी विचारलं होतं, “दुखतंय?” तो म्हणाला, “व्हय.” “कमी झालंय ना?” “व्हय.” “का वाढलंय?” “व्हय, साहेब.” सरांनी वैतागून विचारलं, “अहो, मी डॉक्टर आहे का किराणा दुकानदार?” तो माणूस हात जोडून म्हणाला, “व्हय. तुमी म्हणताल तसं.” त्या संध्याकाळी सरांनी जुना पुठ्ठा फाडून टाकला आणि नवा लिहिला. ‘दुखतं का’ जाऊन ‘कुठं दुखतं, बोट ठेवून दाखवा’ आलं. ‘औषध घेतलं का’ जाऊन ‘सकाळची गोळी कोणत्या रंगाची होती’ आलं. हा नियम आम्हालाही लागू होता. “रिपोर्ट पाहिला?” असं सर कधीच विचारत नसत, कारण त्याला ‘येस सर’ हे उत्तर तयार असतं, आणि ‘येस सर’ हा, त्यांच्या मते, ‘व्हय’चा शहरात शिकायला गेलेला भाऊ. “रिपोर्टात काय न आवडण्यासारखं आहे?” असं विचारत. आमचे रजिस्ट्रार, म्हणजे माझ्याहून वरचे आणि सरांहून खालचे डॉक्टर, घाईचे गृहस्थ होते. ते माझ्या कानाशी पुटपुटत, “उजळणी झाली, आता पावकी-निमकी पण घ्या म्हणावं. ओपीडी काय, उद्या करू.”

सरांच्या घरी या प्रकाराला काही पारावार नव्हता. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. त्या एकदा रुग्णालयात डबा घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी मला आणि सिस्टरांना स्कूटरची गोष्ट सांगितली. सर स्कूटरला किक मारण्याआधी उभ्यानंच एक उजळणी म्हणत: पेट्रोल, स्टँड, हेल्मेट, मागं कोण. भर चौकात, सिग्नलला गाडी बंद पडली तरीही म्हणत. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजत, आणि हे शांतपणे, “पेट्रोल…” “त्यातली शेवटची ओळ माझ्यामुळं आलीय बरं का,” काकू म्हणाल्या. “लग्नाला वर्ष झालं नव्हतं. अजिंठ्याहून येताना फर्दापूरला चहाला थांबलो. मी हात धुवायला गेले. हे निघाले. रस्ताभर लेणी कशी अप्रतिम आहेत ते मला सांगत होते म्हणे. सिल्लोड आलं तेव्हा विचारलं, तुला कोणतं आवडलं? उत्तर नाही. तरी यांना वाटलं, रुसलीय.” सर शेजारी बसून पोळी खात होते. “रुसायची तू,” ते म्हणाले. “त्यामुळं निदान चुकलं.”

यादीतली प्रत्येक ओळ ही कोणाची तरी चूक असते, असं सर सांगत. “शहाणपणातून यादी होत नाही. फजितीतून होते.” लग्नाला जाताना त्यांच्या खिशात एक चिठ्ठी असे: आहेर, चपला कुठं काढल्या, नवरीचं नाव. यातली तिसरी ओळ जालना रोडच्या एका लग्नसराईत आली. दोन मंगल कार्यालयं भिंतीला भिंत लावून. सर मधल्या दारातून शिरले, पाकीट दिलं, पंगतीला बसले, जिलेबीचा आग्रह झाला तो मोडला नाही, वरपित्याला मुलाच्या तब्येतीबद्दल चार हिताच्या गोष्टी सांगितल्या, आणि निघताना काकू भिंतीपलीकडून शोधत आल्या तेव्हा कळलं की आपण दुसऱ्याच घरची सोयरीक साजरी केली. “लोक फार चांगले होते,” सर म्हणत. “त्यांनीही नवरीचं नाव विचारलं नाही.”

पण सगळ्यांत कडक शिस्त पाण्याच्या दिवसाला. त्यांच्या वसाहतीत नळ कधी येईल हे पालिकेलाही सांगता येत नसे. येई तो कोणत्याही वेळी, आणि जाई तो न सांगता. सरांनी न्हाणीघराच्या दारावर आतून एक पुठ्ठा लावला होता: मोटर, पिंप, टाकी, हंडे, शेजारी. शेजाऱ्याला हाक मारल्याशिवाय उजळणी पुरी होत नसे. एकदा नळ आला तेव्हा शेजारी कुलूप लावून गावाला गेले होते. सर त्यांच्या फाटकाशी उभे राहून बराच वेळ हाका मारत राहिले. काकूंनी आतून ओरडून सांगितलं, “अहो, ते नाहीत!” सर म्हणाले, “माहीत आहे. पण ओळ आहे.” मग गच्चीवरून पाइप टाकून त्यांनी शेजाऱ्यांचं पिंप भरलं, आणि तेवढ्यात घरातलं एक पिंप भरायचं राहिलं.

कुठली ओळ कुठल्या फजितीतून आली हे सर हौसेनं सांगत. पण वॉर्डातल्या पुठ्ठ्यावरच्या एका ओळीचं मूळ त्यांनी कधी सांगितलं नाही. ‘कोणतं औषध सोसत नाही?’ मी ती वाचली की ते चष्मा काढत, पुसत, आणि पेशंटचं उत्तर पुरतं येईपर्यंत परत लावत नसत. सिस्टर जुन्या होत्या, त्यांना ठाऊक असावं. मी एकदा विचारल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “काही काही विचारू नये, डॉक्टर मॅडम.” आणि मी, अर्थातच, पुन्हा विचारलं नाही.

आणि मग शेवटची ओळ. साऱ्या पुठ्ठ्यावर एवढ्या एकाच प्रश्नाला ‘व्हय’ हे उत्तर चालत असे. ‘कोणाला काही राहिलंय असं वाटतं का?’ हा प्रश्न कोणा एकाला नव्हता. पेशंट, नातेवाईक, सिस्टर, झाडणारी मावशी, आम्ही, जो कोणी कॉटच्या आसपास असेल त्याला होता. मी तो वाचला की सर मनगटावरचं चावीचं घड्याळ काढत आणि त्याला सावकाश किल्ली देऊ लागत. किल्ली पूर्ण बसेपर्यंत थांबायचं, हा त्यांचा उत्तराला वेळ देण्याचा मार्ग. पहिल्या दोन कॉटपाशीच घड्याळ भरून जाई, त्यामुळं पुढं ते नुसतंच बोटांनी फिरवल्यासारखं करत. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही. त्या शांततेत पंख्याचा आवाज येई, रजिस्ट्रार पायाचा भार बदलत, कोणी खोकलं तर सर आशेनं तिकडे पाहत. मग घड्याळ मनगटावर परत जाई आणि आम्ही पुढच्या कॉटला. माझ्या आधी हा पुठ्ठा बऱ्याच जणांनी गळ्यात घातला होता. त्या प्रश्नाला कोणी ‘व्हय’ म्हटल्याची आठवण सिस्टरांनाही नव्हती. “जिथं नको तिथं म्हणतात,” सर एकदा म्हणाले. “अन् मी जिथं वाट पाहतो, तिथं सगळ्यांना एकदम सगळं आठवलेलं असतं.”

त्या उन्हाळ्यात खिडकीजवळच्या कॉटवर फुलंब्रीकडच्या एका आजी होत्या. जुलाब-उलट्यांनी पार सुकून आल्या होत्या आणि मूत्रपिंडांनी काम थांबवलं होतं. सलाईननं त्या सावरल्या, रक्ताच्या रिपोर्टातला आकडा उतरायला लागला, सुई काढली. आता भरपूर पाणी प्यायचं, एवढंच औषध उरलं. आजींचा स्वभाव गोड आणि जीभ तिखट. पाणी प्यायचं काम तर त्या मन लावून करत होत्या असं सगळ्यांचं मत होतं. मावशीनं उशाशी पाण्याचा जग भरून ठेवला की तासाभरात रिकामा. तरी रिपोर्ट उतरायचा थांबला, नंतर उलट चढायला लागला, आणि डायलिसिसची भाषा सुरू झाली. सर रोज तो कागद धरून उभे राहत. एकदा तर प्रयोगशाळेत जाऊन नळ्यांवरची नावं स्वतः वाचून आले. आजींचा मुलगा वाळूजला कंपनीत होता. रोज गावाहून येऊन सकाळी कामावर जाताना आईला भेटे आणि संध्याकाळी परतताना पुन्हा. त्यानं मला जिन्यात गाठलं. “मॅडम, मशीनवर घेनार म्हनतेत. आमच्या गल्लीतला एक जन गेला होता मशीनवर. ते लागलं की सुटत नाय म्हनतेत. खरं हाय का?” मी म्हणाले, “सर सांगतील.” तो म्हणाला, “व्हय,” आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला.

इथं आमच्या रुग्णालयाच्या पाण्याविषयी सांगायला हवं. ते गोड होतं. शुद्धीकरणाचं मोठं यंत्र बसवलेलं होतं आणि त्या नळाची कीर्ती पार खुलताबादपर्यंत पोचली होती. पेशंट बरा होऊन गेला तरी नातेवाईक कॅन घेऊन येतच राहत. शेवटी त्या वर्षी नळाशी पहारेकरी बसवला: बाटली चालेल, कॅन नाही. पेशंटच्या उशाशी ठेवायचे जग मात्र मावशी हवे तितक्या वेळा भरून देई.

त्या दिवशी राउंडच्या आधी मी आजींचं रक्त घ्यायला गेले. मुलगा नुकताच भेटून कामावर गेला होता. मावशी जग भरून ठेवून वळली. आजींनी दाराकडे नजर टाकली, कॉटखालून एक पांढरी कॅन पुढं ओढली, पदर तिच्या तोंडाशी गाळणीसारखा धरला आणि जग त्यात ओतला. इतक्या सफाईनं की फरशीवर थेंब पडला नाही. तळाशी घोटभर उरलं होतं, ते त्यांनी तोंडात घेतलं, घोळवलं, गिळलं. मग मी दिसले. त्या दचकल्या नाहीत.

“बघितलं? एक थेंब सांडंना,” त्या म्हणाल्या. “घरी टँकरचं येतंय, मचूळ. नातवंडं तोंड वाकडी करतेत. ह्ये लई गोड लागतंय त्यांला. पोराला सांगितलंय, मावशी भरून देतीय म्हनून.”

“आजी, पण तुम्ही…”

“मला काय हुतंय? वाटीभर पानी पुरतंय मला. सवयच हाय.” त्यांनी जग पदरानं पुसून जागेवर ठेवला, कॅन आत सरकवली, आणि हात माझ्यापुढं केला. “घे रगत. तू काय बोलनार नायस. हितं आल्यापासनं बघतीय, तू कुनाशीच बोलत नायस. गुनाची हायेस.”

माझ्याविषयी कोणी इतकं नेमकं आणि इतक्या प्रेमानं बोललेलं मला आठवत नाही. मी रक्त घेतलं, नळीवर नाव घातलं, आणि तेवढ्यात सर आले.

राउंड दारापासून सुरू झाला. खिडकीजवळ पोचेपर्यंत मी ओळी वाचत होते आणि त्या कोणीतरी दुसरंच वाचतंय असं वाटत होतं. आजींच्या कॉटपाशी रजिस्ट्रार म्हणाले, “सर, आजचा रिपोर्ट काही कमी येणार नाही. मोठ्या दवाखान्याशी बोललोय मी. मशीनवर घ्यायला जागा आहे. गाडी सांगून टाकू?” सरांनी मान हलवली, हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. “उजळणी,” ते म्हणाले.

मी वाचलं. पाण्याचा प्रश्नही अर्थात ‘व्हय’ चालणार नाही असा होता: ‘कालपासून जगाचं काय केलं?’

“रिता केला, साहेब,” आजी म्हणाल्या. “मावशीला इचारा. भरला की रिता, भरला की रिता.”

“चार्टवर आहे, सर,” सिस्टर म्हणाल्या. “सगळे जग मांडलेत.”

आजी खोटं बोलल्या नव्हत्या. सिस्टरांचाही चार्ट चुकला नव्हता. सरांनी ‘व्हय’ला येण्याच्या सगळ्या वाटा बुजवल्या होत्या, आणि आजी एका खऱ्या वाक्यावर बसून त्यांच्या डोळ्यांदेखत पलीकडे निघून गेल्या होत्या. “मग जातंय कुठं हे पाणी?” सर स्वतःशीच म्हणाले. पण ते मूत्रपिंडांविषयी बोलत होते. आजींची नजर क्षणभर माझ्यावर आली आणि निवांतपणे खिडकीबाहेर गेली.

मग मी शेवटची ओळ वाचली. सरांनी घड्याळ काढलं.

पुढं काय झालं ते सांगण्यात काही विशेष नाही. आजी मशीनवर गेल्या नाहीत. त्यांच्या उशाशी दोन जग आले. एक सिस्टरांसमोर प्यायचा आणि एक फुलंब्रीचा. पहारेकऱ्यासाठी सरांनी चिठ्ठी लिहून दिली: या कॅनमध्ये पाणी भरू द्यावे. इतकं स्वच्छ अक्षर डॉक्टरचं असूच शकत नाही म्हणून पहारेकऱ्यानं ती दोन दिवस अडवून धरली. आजी काही दिवसांत चालत घरी गेल्या. जाईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि जाताना म्हणाल्या, “लई बोलकी निघालीस गं.” पुठ्ठ्यावर एक ओळ वाढली: ‘कुठं रिता केला?’ नव्या पोरांना सर तिचं मूळ हौसेनं सांगत आणि माझ्याकडे बोट दाखवत. मी तेव्हा भिंतीकडे पाही.

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. आता ते सकाळी हर्सूल तलावाच्या बाजूला फिरायला जातात. काकू म्हणतात, निघताना उंबऱ्यात उभे राहून अजून उजळणी म्हणतात. फक्त हल्ली मधली एखादी ओळ गळते, आणि त्या आतून ती पुरवतात. मी भेटायला जाते तेव्हा सर विचारतात, “कोण वाचतं आता?” मी कोणाचं तरी नाव सांगते. खरं म्हणजे आता कोणी वाचत नाही. यादी टॅबमध्ये गेली आहे. ती चांगली आहे, ओळीही जास्त आहेत, राउंड लवकर संपतो आणि बोटानं खूण केली की काम होतं. शेवटच्या ओळीपाशी तर तेवढंही करावं लागत नाही. ‘काही राहिलंय का?’ याच्यापुढं ‘नाही’ आधीच भरलेलं येतं. मी तिथं पोचले की विनाकारण थोडी थांबते. बरोबरचे ज्युनिअर पायाचा भार बदलतात.

कारण मला तो आवाज ऐकू येतो, भरलेल्या घड्याळाची किल्ली नुसतीच फिरवल्याचा. त्या सकाळी खिडकीतून ऊन आत आलं होतं. रजिस्ट्रारांनी गाडी सांगायला फोन हातात घेतला होता. मुलगा तेव्हा वाळूजच्या वाटेवर असणार. कॉटखाली कॅनची पांढरी कड दिसत होती. वाकून पाहिलं तर कोणालाही दिसली असती. माझ्या तोंडात एक इंग्रजी वाक्य तयार होतं, व्याकरणशुद्ध, कोणाला न दुखावणारं, आणि ते संपेपर्यंत सर पुढच्या कॉटला गेले असते. त्यांनी घड्याळ मनगटाला लावलं. पट्टा ओढला. आणि सवयीनं, कशाचीही अपेक्षा न ठेवता, माझ्या आवाजासाठी कान जरा खाली आणला.

“व्हय,” मी म्हणाले. साऱ्या वॉर्डाला ऐकू गेलं. “व्हय, सर. राहिलंय.”